चोविसावी पिन

आमच्या लाँड्रीसमोर मोटरसायकलवरून एक पोतं पडलं आणि त्याच्यामागं एक माणूस धावत आला, तेव्हा मी हातातली इस्त्री उभी केली आणि पोटभर हसून घेतलं. पोतं फुटून निळे, पिवळे, करडे टॉवेल रस्ताभर पसरले होते. मेढ्याच्या बाजारात, जानेवारीच्या कोवळ्या उन्हात, तो एकेक टॉवेल धडपडलेलं पोर उचलावं तसा उचलत होता. एका म्हशीनं त्यातल्या एकावर पाय दिला, तेव्हा तर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"हसून झालं आसंल तर हे धुऊन मिळतील का?" तो दारात येऊन म्हणाला.

"धूळ तर लागलीय नुसती. झटका की चार हात."

"झटकून जात न्हाई ती. एक बारका खडा जरी आत राहिला ना, तर बोटीवर ओरखडा उठतो."

"बोट पुसायच्या फडक्याचे एवढे लाड?"

"लाड अजून सांगितलेच न्हाईत," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला. दिसायला काही फार देखणा नव्हता. पण हसला की... जाऊ दे, तेव्हा माझ्या ते लक्षातही आलं नाही, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते.

मग त्यानं लाड सांगितले. हे टॉवेल मायक्रोफायबरचे. सुती कपड्यांत मिसळायचे नाहीत, सुताची लव चिकटते. पाणी गार किंवा कोमट, साबण पातळ आणि बेताचा. ब्लीच नको. वासाचं मऊ करणारं औषध तर मुळीच नको, त्यानं धागे बुळबुळीत होतात आणि टॉवेल पाणी ओढायचा बंद होतो. वाळवायचे सावलीत. निळे बोटीच्या रंगावर फिरवायचे, पिवळे काचेचे, करडे इंजिनाचे आणि गाडीच्या चाकांचे, म्हणून तिन्ही वेगवेगळे धुवायचे. इस्त्री अजिबात नाही.

"नीळ न्हाई, कांजी न्हाई, इस्त्री न्हाई," मी बोटांवर मोजत म्हणाले. "मग आमी करायचं तरी काय? गप्पा मारायच्या त्यांच्याशी?"

"मारा की. मी तर रोज मारतो."

त्याचं नाव साईराज. गाव मलकापूर. पुण्यात गाड्यांना पॉलिश करायच्या दुकानात चार वर्षं काढून आता बामणोलीला, धरणाच्या पाण्यावर, दादासो म्हणून एक बोटमालक होते त्यांच्या बोटी सांभाळायला आला होता. बोटी पुसायच्या, आणि किनाऱ्यावर लावलेल्या पाहुण्यांच्या गाड्याही. नोकरी मात्र अजून कच्ची होती.

त्या दिवशीचे टॉवेल मी अगदी त्यानं सांगितलं तसे धुतले. पुढच्या गुरुवारी तो परत आला, बोटींकडचं टॉवेल धुवायचं मशीन बिघडलंय म्हणाला. त्याच्या पुढच्या गुरुवारीही बिघडलेलंच. पाचव्या गुरुवारी मी विचारलं, "बिघडलंय तरी काय नेमकं त्याचं?"

"ते... बघावं लागंल," तो म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

मी राजेश्वरी हंबीरराव. आबा फौजेतनं सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि त्यांनी ही लाँड्री टाकली. गेली तीन वर्षं ती मीच चालवते, आणि चांगली चालवते. माझ्या हातून कपडा खराब झाला असं मेढ्यात कुणी म्हणून दाखवावं. साईराजलाही मी तेच ऐकवत असे, "माझ्याकडं डोळे झाकून द्या." तो म्हणे, "डोळे झाकले तर यायचं कशाला?" यावर उत्तर सुचायला मला निम्मा दिवस लागायचा, तोवर तो घाट चढून पलीकडं गेलेला असायचा.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी गुढीसाठी साखरेची गाठी आणायला गेले. परत येऊन बघते तर आबा टेबलाशी बसलेले, समोर साईराजचे वाळलेले चोवीस निळे टॉवेल, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्याला नंबराची चिठ्ठी. स्टेपलरनं टाचलेली.

"आबा! आवं, ह्यांना पिन लावायची नसती!"

"नंबराशिवाय कापड दुकानाबाहेर जात न्हाई," आबा शांतपणे म्हणाले. "पलटणीत तीस वरसं हेच केलंय मी."

तेवढ्यात बाहेर मोटरसायकलचा आवाज. मी घाईघाईनं नखांनी पिना ओढून वाटीत टाकल्या, टॉवेल घडी घालून पिशवीत भरले आणि दारात गेले. सांगायला हवं होतं. पण इतके दिवस मिरवलेली माझी ऐट, ती आड आली.

"उद्या नवी बोट पाण्यात जाणार," साईराज पिशवी घेत म्हणाला. आज तो हसत नव्हता. "गडद निळी हाय. त्या रंगावर केसाएवढा ओरखडासुद्धा लपत न्हाई. दादासो म्हणलेत, नीट झालं तर कायमचा ठेवतो. एक जरी ओरखडा दिसला तर... परत पुण्याला."

"मग नीट करा की."

"करतोच. पण तुमाला काय वाटतं? मी इथं बरा, का पुण्यात?"

मनगटावर अडकवलेली गाठी चिकट झाली होती. "मला काय," मी म्हणाले, "गिऱ्हाईक टिकलं पायजे."

तो "बरं" म्हणाला आणि गेला. त्या 'बरं'मुळं मला रात्रभर धड झोप लागली नाही.

सकाळी गुढी उभारली. दुकान झाडताना ती वाटी हाताला लागली, आणि कसं कोण जाणे, मी पिना मोजल्या. तेवीस. परत मोजल्या. तेवीस. टेबल हलवलं, फरशी झाडून काढली, चिठ्ठ्या उलटसुलट केल्या. चिठ्ठ्या चोवीस होत्या.

फोन लावला. पाण्याच्या कडेला रेंज कुठली? मी स्कूटी काढली. आबा मागून "अगं, कडुलिंब तरी खा!" म्हणत राहिले.

घाटात एकेक वळण संपता संपेना. डोळ्यांपुढं एकच चित्र होतं: त्या निळ्या रंगावर एक पांढरी रेघ, आणि पोतं बांधून पुण्याच्या एसटीत चढणारा साईराज. खरं सांगायचं तर बोटीचं मला काहीच नव्हतं. तो गेला तर गुरुवारचं मी काय करणार होते, हेच मला कळत नव्हतं. इतके दिवस मी ज्याला गिऱ्हाईक म्हणत होते त्याच्यासाठी माझा जीव असा टांगणीला लागला होता आणि ते मला घाटातल्या एका वळणावर समजलं.

पोचले तेव्हा किनाऱ्यावर गर्दी. बोट चाकांच्या गाड्यावर उभी, तिला झेंडूचा हार. दादासो फेटा बांधून नारळ हातात घेऊन उभे होते. साईराज लोकांकडं पाठ करून बोटीच्या नाकावरून निळा टॉवेल फिरवत होता.

"थांबा! हात लावू नका बोटीला!"

सगळे वळले. माझा श्वास लागला होता, केस विस्कटले होते, आणि पायात एका रंगाच्या दोन चपला होत्या की नाही तेही मला ठाऊक नव्हतं. मी तिथंच, सगळ्यांसमोर, भडाभडा बोलून टाकलं. पिना, चिठ्ठ्या, वाटी, सगळं.

"एका टॉवेलात पिन राहिलीया. पिना टाचल्याचं काल ठावं आसून मी सांगितलं न्हाई. चूक माझी हाय, त्यांची न्हाई. दादासो, आवं, भरपाई मागा, पण त्यांना घालवू नका."

दादासोंनी नारळ एकाच्या हातात दिला आणि ते बोटीभोवती निघाले. वाकून बघत, डोळे बारीक करत, उन्हाकडं तोंड करून, उन्हाकडं पाठ करून. एक फेरा झाला. दुसरा झाला. मी पदर मुठीत इतका आवळला होता की बोटं दुखायला लागली.

"कुठं हाय ओरखडा?" दादासो शेवटी म्हणाले. "मला तर हिच्यात माझ्या मिशा दिसत्यात. पिकलेल्या सुदीक."

लोक हसले. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी तिथल्या दगडावर मटकन बसले.

तेव्हा साईराज वळला. त्याच्या डाव्या गालावर एक बारीक लाल रेघ होती, ताजी. त्यानं खिशातून काहीतरी काढून तळहातावर धरलं. वाकडी झालेली, इवलीशी पिन.

"सकाळीच घावली," तो म्हणाला.

"आरं लबाडा!" दादासो ओरडले. "मगाशी इचारलं तर म्हणला, दाढी करताना लागलं!" मग माझ्याकडं बघून त्यांनी मान हलवली. "जाऊ दे. उद्यापास्नं तू कायम इथंच. बोटी तुझ्या ताब्यात. आता नारळ फोडू द्या मला."

नारळ फुटला, बोट पाण्यात सरकली, सगळे टाळ्या वाजवत तिच्यामागं गेले. आम्ही दोघं मागं राहिलो. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही. सुटले, सुटले, एवढंच मनात चाललं होतं.

"पण पिन गालाला कशी लागली?" मी डोळे पुसत विचारलं. "टॉवेल बोटीला लावायचा का तोंडाला?"

"पुसायच्या आधी तपासून घ्यावा लागतो."

"मग हातानं तपासावा माणसानं."

"हातानंच तपासतो. बाकी सगळे." तो पाण्याकडं बघत राहिला. "तुमच्याकडनं आलेले तेवढे... गालाला लावून बघतो."

पाण्यावर बोटीनं उठवलेल्या लाटा आमच्या पायांपाशी येऊन फुटत होत्या.

"कवापास्नं?" कसंबसं विचारलं.

"दुसऱ्या गुरुवारपास्नं."

"आन् पिन घावल्यावर राग न्हाई आला, मी काल सांगितलं न्हाई म्हणून?"

"आला की. दोन मिनिटं. मग वाटलं, बरं झालं गालाला लावला. हातानं बघितलं आसतं तर घडीतली कदाचित घावलीच नसती." तो माझ्याकडं वळला. "काल इचारलं त्याचं उत्तर आज तरी देणार?"

"इथं," मी म्हणाले. "इथंच बरे हायसा तुमी. माझ्याजवळ."

असं तोंडातून निघून गेलं आणि परत घ्यावंसं वाटलं नाही. मी पदराचं टोक पाण्यात भिजवलं, पिळलं आणि त्याच्या गालावरच्या रेघेवर धरलं.

"झोंबतंय का?"

"लय."

"मग काढू हात?"

"नको," साईराज म्हणाला.