मागचा बोलत राहील

तू उद्यापासून पळायला जाणार म्हणतेस, नवे बूटही दाखवलेस. चांगलं आहे. मावशी म्हणून मी मोडता घालणार नाही. पण मैत्रिणीला जोडीला घेणार असशील, तर एवढं ऐक आणि मग झोप. दिवा असू दे.

आम्हीही असेच एका संध्याकाळी बूट आणायला गेलो होतो. तुझे काका घड्याळं दुरुस्त करायचे, मी चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायची. दोघांची बैठक इतकी पक्की, की खुर्च्या झिजल्या, आम्ही नाही. डॉक्टरांनी काकांच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "हालचाल सुरू करा. पण जपून." काकांनी दुकानातच बूट चढवून दोन उड्या मारल्या आणि धापा टाकत विचारलं, "झाला ना आजचा व्यायाम?" दुकानदारसुद्धा हसला.

त्यांना नुसतं चालायचं होतं. पळण्याची हौस माझी. मेली ती हौस!

मैदानाच्या कडेनं मातीची अरुंद वाट होती, गोल फिरून येणारी. तिथे एक निवृत्त क्रीडाशिक्षक नवशिक्यांना धडे द्यायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांची रीत ठरलेली होती. "एकामागे एक पळायचं. मागचा बोलत राहील, पुढचा ऐकेल. बोलता येतंय तोवर वेग बरोबर. शब्द तुटायला लागले की पुढच्यानं हळू व्हायचं आणि आवाज बंद झाला की थांबायचं. वळून मात्र बघायचं नाही. नवशिका वळला की पाय मुरगळलाच."

काका मागे, मी पुढे. पहिले काही दिवस तर बघणाऱ्यांची करमणूकच होती. मी चार पावलं पळायची आणि दहा चालायची. मागून काकांचा डावा बूट मातीत घासत यायचा, आणि बोलणं घड्याळांचं. "आज… एक गजराचं घड्याळ… आलं होतं… दुरुस्तीला…" एवढ्या वाक्याला अर्धी चक्कर पुरायची. मी हसले की माझाच श्वास अडकायचा. खरं सांगू, संसारात एवढं निवांत बोलणं आमचं कधी झालं नव्हतं. त्या दिवसांत मी सुखात होते.

मग ती सकाळ आली. उजाडत होतं, पण धुकं इतकं, की पुढचं झाड जवळ गेल्यावरच दिसे. सर्दी झाली म्हणून मास्तर आले नव्हते. काका फाटकापाशी थबकले. "आज राहू दे का गं? बरं नाही वाटत."

"घरी जाऊन काय अंडी उबवायचीत?" मी म्हणाले.

ते हसले आणि माझ्या मागे पळू लागले.

ओल्या मातीचा वास होता. आमच्या पावलांशिवाय कसलाही आवाज नव्हता. काका सांगत होते, "काल ते… भिंतीवरचं मोठं… घड्याळ उघडलं… तर आत…" पहिलं वळण आलं. शब्द तुटायला लागले, तशी मी हळू झाले. मग आवाज बंदच झाला. मी थांबणार, तेवढ्यात मागून ऐकू आलं, "चल, चल. मी आहे."

आवाज काकांचाच. पण त्याला धाप नव्हती.

मला काय वाटलं असेल? आनंद झाला मला! इतक्या दिवसांच्या मेहनतीला फळ आलं, असं वाटलं. बूट घासण्याचा आवाजही थांबला होता. म्हटलं, पावलं उचलायला लागले एकदाचे.

"घड्याळाचं काय सांगत होतात?" मी विचारलं.

"कसलं घड्याळ?"

दमला की माणूस विसरतो, अशी मी मनाची समजूत घातली. एक चक्कर पुरी झाली. एरवी आम्ही तिथे बसायचो. मागचा आवाज म्हणाला, "अजून एक घेऊ या." माझ्या अंगात बळ आलं. पुन्हा त्या वळणावर पोहोचले, तर वाटेच्या कडेनं, खालून, अगदी क्षीण ऐकू आलं…

"अगं…"

"कुणी हाक मारली का?"

"मैदानाचा माळी असेल. तू चल."

धुक्यात आता दुसराच वास मिसळला होता, वर्षानुवर्षं बंद असलेल्या कपाटाचा. त्यापुढच्या फेरीला तिथेच कुणीतरी ओरडलं. कानात माझाच श्वास घुमत होता, शब्द कळले नाहीत. "काय म्हणतोय तो?"

"वाट ओली आहे, जपून जा म्हणतोय."

आणि मग, अगदी कानाजवळ, संथ आवाजात… "तू पुढे असलीस ना, की मला कसली भीती वाटत नाही."

इतक्या वर्षांत काका असं कधी बोलले नव्हते. आमचं प्रेम म्हणजे, वेळेवर चहा दिला आणि वेळेवर प्यायला. माझे डोळे भरून आले. मास्तरांचा नियम गेला खड्ड्यात, आत्ता यांचं तोंड बघायचंच, म्हणून मी वळले.

मागे कुणी नव्हतं.

हाका मारत मी उलटी धावत सुटले. वळणापाशी माळी मातीत बसला होता आणि त्याच्या मांडीवर काकांचं डोकं होतं. हात हातात घेतला, तो गार पडत चालला होता. दवाखान्यात डॉक्टर एवढंच म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं तर…" पुढचं त्यांनी गिळलं. ते अजून माझ्या घशात अडकलंय.

बऱ्याच दिवसांनी मी मैदानावर गेले. माळी पानं लोटत होता. मला बघून त्यानं झाडू बाजूला ठेवला.

"कधी बसले हो ते?" मी विचारलं.

"पहिल्याच फेरीला, बाई. बसले ते उठलेच नाहीत. मी पोचलो, तेव्हा तुम्ही गेलात त्या बाजूला हात दाखवत होते. फोन माझा खोलीत राहिलेला, आणि त्यांनी माझी बाही धरून ठेवलेली. सोडून जाणार कसा? तुम्ही आलात तशी मी ओरडलो."

"मला कळलं नाही हो…"

"तुम्ही थांबला नाहीत. पण तुमच्या मागे एक जण पळत होते ना, त्यांनी मला हात केला… सांगतो तिला, म्हणून. मला वाटलं, येतीलच आता तुम्ही. म्हणून वाट बघत बसलो." तो जरा घुटमळला. "तुमच्या ओळखीचेच ना ते? तुम्ही हसून बोलत होतात त्यांच्याशी…"

मी तशीच माघारी फिरले.

आमच्या लेकीला यातलं काही माहीत नाही. बाबा शेवटी काय बोलले, असं ती रडत विचारायची. अर्ध्या राहिलेल्या घड्याळाचं तिला काय सांगू? मी ते कानाजवळ ऐकलेलं दुसरं वाक्य सांगितलं. तिनं ते सुंदर अक्षरात लिहून त्यांच्या फोटोखाली लावलंय. मघाशी आल्या आल्या तूही ते वाचलंस आणि डोळे पुसलेस.

काढून टाकावं, असं रोज मनात येतं. पण माझ्याशी इतकं मायेनं दुसरं कुणी कधी बोललं नाही, आणि ते कोण बोललं, हे मला अजून माहीत नाही.