वाराबिनावरची हाक

मंगळवारचं टपाल घेऊन डूगल हॅस्केट दुपारी विमानाने वाराबिना गावाकडे निघाला. मागच्या सीटवर तीन थैल्या आणि तिथल्या धावपट्टीवरच्या म्हाताऱ्या क्लेम टलॉकने मागवलेला पंपाचा पट्टा. खाली मैलोन् मैल लाल माती.

वैमानिक म्हणून डूगल जुनं खोड. शहराच्या विमानतळावर मनोऱ्यातला माणूस जे सांगेल ते शहाण्या मुलासारखं शब्दन् शब्द म्हणून दाखवायचा. मनोरा मागे पडला की तोंडाला कुलूप. वाराबिनाला मनोरा नाही. तिथे ज्याने त्याने रेडिओवर आपण कुठे आहोत ते सांगायचं, ऐकायला कुणी असो वा नसो. “सांगू कुणाला, कांगारूंना?” असं तो हसत म्हणायचा.

गेल्या मे महिन्यात तो असाच मुकाट्याने उतरायला आला आणि क्लेमच्या मुलीच्या, मेरिनच्या विमानावर वरून आदळला. गुरं हाकायचं इवलंसं विमान तिचं. सव्वीस वर्षांची पोर जागच्या जागी गेली, हा खरचटून वाचला. वाराबिनावर बोललेलं कुठे नोंदलं जात नाही, म्हणून चौकशीत बोलणाऱ्याची बोरं विकली गेली. “मी दोनदा हाक दिली. तीच गप्प होती,” एवढं म्हणून त्याने खापर मेलेल्या पोरीच्या माथी फोडलं. खरं तर त्याने हाक दिलीच नव्हती, आणि त्याचा रेडिओ शहराच्याच लहरीच्या आकड्यावर राहिला होता, त्यावर वाराबिनाचं काही ऐकूच येत नव्हतं. असल्या माणसाची कीव तरी कशी करायची?

तेव्हापासून मात्र तो हाक द्यायला चुकत नसे. आजही दहा मैलांवर त्याने बटण दाबलं. “वाराबिना, टपालाचं विमान, पूर्वेकडून येतोय.”

वाराबिनाच्या खांबावर एक यंत्र आहे. पाच मिनिटांत कुणी बोललं नसेल तर ते तुमच्या हाकेला गावाचं नाव सांगतं. कुणी नुकतंच बोललं असेल तर नुसतं ‘टिंग’ करतं.

टिंग.

धावपट्टीशेजारी पोचेपर्यंत डूगल चहूकडे पाहत राहिला. आभाळ रिकामं होतं. “कोण आहे वर? बोला की, बाबांनो.”

“वाराबिना, मेरिन,” बाईचा शांत आवाज आला. “धावपट्टीला समांतर. डावीकडे वळतेय.”

नेमका तिथेच डूगल होता. केबिनमध्ये जळक्या पेट्रोलचा वास भरला. त्याने विमान वळवलं.

“वाराबिना, मेरिन. शेवटचं वळण.”

पुन्हा तीच जागा. जिथे तो, तिथे ती. त्याने बटण गच्च दाबलं. “मेरिन... मी हाक दिली नव्हती गं... मी खोटं बोललो. पाया पडतो, मला उतरू दे...”

यंत्राने टिंगही केलं नाही. त्याने पुन्हा सगळं सांगितलं, आणि पुन्हा यंत्र मुकं. शेवटी डोळे अर्धे मिटून त्याने चाकं जमिनीला टेकवली.

शेडमध्ये क्लेम रेडिओपाशी बसला होता. म्हाताऱ्याचे डोळे रडून लाल झाले होते.

“ऐकलंस ना, डूगल? माझी पोर बोलत होती. एकूण एक वळण सांगत होती, स्वच्छ.” त्याने नाक पुसलं. “म्हणजे त्या दिवशीही बोललीच असणार. हो ना रे?”

डूगलने मान डोलावली आणि सगळं सांगायला सुरुवात केली. चुकीचा आकडा, खोटी साक्ष, सगळं.

क्लेम त्याच्या ओठांकडे बघत राहिला. मग कानामागे हात धरला. “नुसतं तोंड काय हलवतोस, लेका? बोल ना.”

डूगल ओरडला. क्लेमच्या पायाशी झोपलेल्या कुत्र्याने कानसुद्धा टवकारला नाही.

“वरही मेरिन बोलायला लागल्यापासून तुझा एक शब्द आला नाही मला. आणि आता माझ्या तोंडावरही गप्पच?” क्लेम सावकाश उठला. दाराला आतून कडी घातली, भिंतीवरची बंदूक काढली आणि ती मांडीवर घेऊन दारापाशी बसला. “बस मग. खरं बोलशील तेव्हाच हे दार उघडेल.”

डूगल घसा फाटेपर्यंत खरं तेच बोलत होता. टेबलावरच्या रेडिओची वायर तुटून खाली लोंबत होती, आणि तरी त्यातून मेरिनचा आवाज आला, “वाराबिना, मेरिन. मी उतरले. इथे दुसरं कुणी नाही.”