कंदील कोणत्या पानावर?

मधल्या सुट्टीत शाळेचं वाचनालय रिकामंच असतं, म्हणून रुचितानं गुणगुणतच दार ढकललं. तर दुसऱ्या कपाटाआड फरशीवर मांडी घालून बसलेले गणिताचे अश्विन सर दचकून उभे राहिले. हातातलं पुस्तक त्यांनी झटकन पाठीमागे नेलं.

"काय लपवता, सर?"

"काही नाही जी..." मग स्वतःच हसले आणि निळ्या कव्हरचं पुस्तक पुढे धरलं. कव्हरवर नदीतला एक डोंगा होता, डोंग्यात पेटलेला कंदील. "मॅडम, एक विचारू? हा कंदील... कोन्या पानावर आहे?"

रुचिताच्या कानाच्या पाळ्या तापल्या. खिडकीतून कापलेल्या धानाचा वास येत होता, आणि सर इतक्या कौतुकानं बघत होते की तिला कुठे तोंड लपवू असं झालं.

"शेवटी आहे. पूर्ण वाचा नं," ती म्हणाली.

"तुमी म्हनता, तं वाचतो," सर म्हणाले. घंटा झाली, आणि ती सुटली बिचारी.

खरं काय ते सांगून टाकू. त्या पुस्तकात कंदील नव्हताच. डोंगाही कव्हर सोडून आत शिरला नव्हता. आत होते एक रिटायर साहेब, त्यांचा जावई आणि दोघांचं न संपणारं भांडण. पण हे रुचिताला ठाऊक असायला तिनं ते पुस्तक वाचायला नको का? आसगावच्या या शाळेत ती ग्रंथपाल होती खरी. पण शिकताना ती पुस्तकांना नंबर द्यायला शिकली, वाचायला नाही. परीक्षा सोडून एकही पुस्तक तिनं आपणहून उघडलं नव्हतं.

'पोरांना वाचनाची गोडी लावा,' म्हणत मुख्याध्यापकांनी वाचनालयातच आठवीचा एक तास तिच्या गळ्यात मारला, तेव्हा तिनं नुसतं कव्हर बघून गोष्ट रचली. वैनगंगेत रिकामा डोंगा चालतो, वल्हवणारा कुणी नाही, पण कंदील मात्र रोज पेटलेला! पोरं श्वास रोखून ऐकत होती. भिंतीपलीकडे गणित शिकवणारा आवाजही थांबला. तो थांबला हे कळल्यावर रुचितानं गोष्ट जरा मोठ्यानंच सांगितली.

"कंदील कोनं लावला, मॅडम?"

"ते पुस्तकात आहे!" तिनं ऐटीत म्हटलं, आणि पुस्तकासाठी झुंबड उडाली. सरांच्या पाठोपाठ नंबर लागला आठवीतल्या गुड्डीचा.

आठवड्यानं गुड्डी आली, ती पुस्तक छातीशी धरून, खाली मान घालून.

"मॅडम, मी दोन खेपा वाचलं. मले कंदील सापडूनच नाही राहिला... मले बराबर वाचताच येत नसन."

खरं सांगायची हीच वेळ होती. एकच वाक्य बोलायचं होतं. पण दारात अश्विन सर खडूचा डबा घेऊन उभे होते. त्यांच्यासमोर...? रुचिताच्या तोंडून निघून गेलं, "नीट लक्ष देऊन वाच, गुड्डी."

गुड्डीनं पुस्तक टेबलावर ठेवलं. "नोको मॅडम. दुसऱ्याले द्या. हुशार पोराले."

ती गेली. सरांनी फक्त नजर वळवली. त्यांनी चार शब्द सुनावले असते तरी बरं झालं असतं. रुचिताला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती.

घरी आली, तर अंगणात बाबा, म्हणजे हिरालाल, शेजाऱ्याला सांगत होते, "आमची रुचिता शाळेतल्या साऱ्या पुस्तकाइची मालकीन हाय!" ती मान खाली घालून आत गेली. मग ओट्यावर बसून तिनं ते निळं पुस्तक उघडलं. सुरुवातीला जांभया आल्या. पण एका पानावर साहेब जावयाशी कडाकडा भांडतात, आणि उठून जाताना उन्हात तापलेल्या त्याच्याच चपला गुपचूप सावलीत सरकवून ठेवतात. रुचिता खुदकन हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. पुस्तक संपवूनच ती उठली.

पुढच्या तासाला ती वर्गासमोर उभी राहिली. भिंतीपलीकडचा आवाज आजही थांबला... थांबू दे.

"पोरांनो, या पुस्तकात कंदील नाही. मी पुस्तक वाचलंच नव्हतं. गोष्ट माझ्या मनची होती, आणि मी तुमच्याशी खोटं बोलले."

मागच्या बाकावरून गुड्डी हळूच उठली.

"मंग... मले वाचता येते नं, मॅडम?"

"येतं, गुड्डी." रुचिता तिच्या बाकाजवळ गेली. "चूक माझी होती. तुला नीट वाचता येतं, म्हणून तर तो सापडला नाही."

गुड्डी लगेच हसली नाही. खाली बसली, विचार करत राहिली. मग म्हणाली, "तं आता खरं काय हाय त्याच्यात, ते सांगा." रुचितानं चपलांचं पान काढलं आणि वाचायला लागली.

पोरं गेल्यावर दारात सावली पडली.

"तुम्हाला माहीत होतं," वर न बघताच ती म्हणाली.

"हाव. कपाटाआड सापडलो, तवाच पूर्ण वाचून झालं होतं."

"मग काहून विचारलं?"

"तुमच्याशी बोलाले... काही तं पाहिजे होतं."

"आणि त्या दिवशी तोंड फिरवलं..."

"राग आला होता. पोरीचा चेहरा पाहवला नाही." त्यांनी हातावरचा खडू झटकला. "पन आज भिंतीले कान लावून उभा होतो. माह्या वर्गातले पोरं हसत होते माह्यावर."

रुचिताला हसू आलं. लाज अजून होतीच, पण आता तिला मान वर करता येत होती.

"मॅडम, एक राहिलंच," सरांचा आवाज उतरला. "पुस्तकात नसन तं नसन. तुमच्या गोष्टीत... कंदील कोनं लावला?"

तिनं जरा विचार केला. "जो कुणाची तरी वाट बघत होता, त्यानं."

"मंग तो मीच लावला, रुचिता."

पहिल्यांदाच 'मॅडम' गळालं होतं. तिनं घाईघाईनं कपाटाला कुलूप लावायला घेतलं. किल्ली काही केल्या कुलपात जाईना.

"घंटा झाली, सर. तुमचा तास आहे."

"हाव," म्हणाले, आणि गेले नाहीत.

तिनं किल्ली टेबलावर ठेवली, उघड्या कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं. "हेही मी वाचलं नाही. कव्हरवर काय आहे ते बघूच नका. उद्या मधल्या सुट्टीत या... पहिल्या पानापासून वाचू."