भाल्याचं शेपूट

दिवा राहू दे बंद. अंधारात नीट ऐकू येतं.

संग्रहालयातला सुतार तुम्ही पाहिलाय. मी तिथे तिकिटं फाडायचो तेव्हापासूनची आमची ओळख. हे त्यानेच मला सांगितलं. गेल्या डिसेंबरातला दुसरा गुरुवार, रात्रीचे साडेअकरा.

भाल्यांचं दालन वरच्या मजल्यावरून खाली हलवायचं होतं. घोडेस्वाराचा हलका, बांबूचा भाला उतरला. कुऱ्हाड आणि आकडा असलेला पहारेकऱ्याचा उतरला. तलवारीसारख्या वाकड्या पात्याचाही उतरला. राहिला पायदळाचा, तीन माणसांएवढा लांब. तो जिन्यात वळवायचा तर मागच्याने नेमक्या वेळी टोक कठड्यावरून उचलावं लागतं.

आजवर मागे त्याची बायको असायची. तीही तिथेच कामाला. "तोंड तू सांभाळ, शेपूट माझं," म्हणायची. करवतीने तिच्या उजव्या अंगठ्याचं पेर नेलं होतं, तरी पकड ह्याच्याहून घट्ट. ऑगस्टमध्ये ती गेली.

त्या गुरुवारी दिवसा दोन हमालांनी करून पाहिलं. वळणावर अडकले. साहेब म्हणाले, "उद्या मधोमध कापा. खाली जोडून रंग मारू. कोणाला कळतंय?"

"मग भूत कुणाचं, आजोबा? सैनिकाचं?"

तुला फार घाई. ऐक.

सुतार घरी गेलाच नाही. घरी होतं कोण? शेवटचं म्हणून दांड्याला जवसाचं तेल लावत बसला. सगळ्या दांड्याला, टोकापासून टोकापर्यंत. मग काय वाटलं कोण जाणे, पुढचं टोक खांद्यावर घेतलं आणि निघाला. एकटाच.

मागचं टोक पायऱ्यांवर आपटत होतं. टक... टक... टक...

वळणाआधी आवाज थांबला.

भाला हलका झाला. त्याने मागे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर...

वळण आलं. मागून दांडा हळूच ओढला गेला. 'थांब' सांगायची तिची हीच खूण. तो थांबला. टोक कठड्यावरून वर गेलं. पलीकडे आलं. तो पुन्हा उतरू लागला.

खाली त्याने आपलं टोक जमिनीवर ठेवलं. मागचं जरा वेळाने टेकलं. आवाज न करता.

"चहा टाकू?" त्याने विचारलं. नेहमी विचारायचा तसं.

...



भाला अखंड आहे. उद्या जाऊन बघा. शेपटाकडे वाळलेल्या तेलात दोन पंजे उमटलेत. लहान. उजव्याचा अंगठा अर्धाच आहे.