मोर्शीची जपानी कॅसेट

हसा पोरांनो, पण दाऊदभाई खोटं बोलणारा माणूस नाही. राजापेठेत त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. दोन हजार तेवीसच्या दिवाळीनंतर मोर्शीच्या पार्बताबाई त्याच्याकडे एक जुना, बंद पडलेला व्हिडिओ गेम ठेवून गेल्या. एकटी बाई, संत्र्याचा बगीचा सांभाळते. मुलगा शुभम दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात गेला. गेम त्याचाच. कॅसेट जपानी, अकोल्याच्या जुन्या बाजारात सापडलेली. तशी दुसरी दाऊदने कधी पाहिली नव्हती. एक मुलगा अंधाऱ्या जंगलातून घराची वाट शोधतो, एवढाच खेळ.

“माया पोरगा कुठवर पोचला होता, तेवढं मले पायचं आहे,” बाई म्हणाल्या होत्या.

वीस नोव्हेंबर, सोमवार. रात्रीचे दहा वाजून दहा मिनिटं. मशीन दुरुस्त झालं. मग दाऊदने कॅसेट खोलली. आतली बॅटरी साफ मेलेली. ती मेली की खेळलेलं सगळं पुसलं जातं. आता त्या माउलीला सांगायचं कसं? त्याने फोन लावला.

“मावशी, शुभमचं आतलं सगळं गेलं.”

“एकडाव लावून तं पाहा, भाऊ.”

त्याला नाही म्हणवेना. फोन कानाशी धरून त्याने बटण दाबलं.

खेळ मधूनच सुरू झाला. जंगल संपलेलं. समोर एक घर. जॉयस्टिक जोडलेलीच नव्हती. तरी पडद्यावरचा मुलगा चालू लागला. पायऱ्या चढला. दारापाशी थांबला. हात उचलला.

ठक... ठक... ठक.

टीव्हीचा आवाज बंद होता. आवाज फोनमधून आला.

“भाऊ... एवढ्या रात्री दार कोण वाजवून राहिलं?”

उघडू नका, असं दाऊदला ओरडायचं होतं. पण तोवर बाईंची पावलं दाराकडे निघाली होती. पलीकडे नुसता श्वास...

“शुभम? आला का रे?”

कडी सरकली. पडद्यावरचं दार उघडलं. मुलगा आत गेला. पडदा काळा. फोन चालूच...

दाऊद तसाच गाडीवर निघाला. सव्वा तासाने मोर्शीत पोचला. पार्बताबाई ओसरीवर बसलेल्या. धडधाकट. शांत.

“बाहेर कोणीच नवतं, भाऊ,” म्हणाल्या, आणि पाणी आणायला उठल्या.

त्याचा जीव भांड्यात पडला. पाणी पिताना त्याची नजर आत गेली. शुभमच्या खोलीचं दार बंद होतं. खोलीला दुसरं दार नाही, खिडकीला गज. त्याने जाऊन हळूच ढकललं.

बाईंनी त्याचा हात धरला.

“हळू... दमला असन.”

दाराला आतून कडी होती.