शून्यावर आलेलं बटण

रात्रीची गोष्ट नाही ही. भर दुपारची आहे आणि शंभर टक्के खरी आहे. ज्यांच्या बाबतीत घडली ते माझे सख्खे मामा. थाप मारणं त्यांना जन्मात जमलं नाही, दर वेळी मामींनी पकडलंय त्यांना.

मामी गेल्या आणि मामा तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात एकटे उरले. बोलायला माणूस नाही. सोबतीला एक जुना स्टिरिओ रिसीव्हर आणि दोन स्पीकर. मामी त्याला 'डबा' म्हणायच्या. जेवण झालं की आरामखुर्चीत बसायचं, डब्यावर गाणी लावायची आणि ऐकता ऐकता डुलकी काढायची, ही मामांची वर्षानुवर्षांची सवय.

त्या रविवारी दुपारी त्यांना जाग आली...

घर चिडीचूप.

डबा बंद. समोरचा हिरवा दिवा विझलेला. वीज मात्र होती, पंखा गरगरत होता.

"म्हातारा झाला बिचारा, माझ्यासारखाच," मामा स्वतःशीच म्हणाले.

सोमवारी तेच. मंगळवारी तेच.

मामा इरेला पेटले. डब्यावर मामींनी विणलेला रुमाल असायचा, त्याने वरच्या फटी झाकल्या जायच्या. तापत असेल म्हणून त्यांनी रुमाल काढून कपाटात ठेवला. जिवावर आलं, पण ठेवला. मागे स्पीकरच्या तारा एकमेकींना चिकटल्या असतील म्हणून त्या सोलून नव्याने बसवल्या. प्लग बदलला.

डोळा लागला की... बंद.

शेवटी डबा उचलून दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने दिवसभर दुकानात मोठ्यांदा वाजवला. एकदाही बंद पडला नाही.

"काका, ठणठणीत आहे हो. घरी त्याला कंटाळा येतो की काय?"

"मलाही येतो," मामा हसले.

"बरं, परत चालू करता तेव्हा आवाज एकदम अंगावर येतो ना?"

"छे! आवाज नसतोच. बटण फिरवून वाढवावा लागतो."

दुरुस्तीवाल्याचा हात थांबला.

"असं कसं होईल काका? तापून बंद पडला तर नुसती वीज तुटते. आवाजाचं बटण होतं तिथेच राहतं. ते हातानेच फिरवावं लागतं..."

मामांना मामींची एक सवय आठवली.

लग्नानंतर नव्या नव्या असताना मामी चालू गाण्यातच डबा खटकन बंद करायच्या. स्पीकरमधून धप्पकन आवाज यायचा आणि मामा खेकसायचे, "अगं, आधी आवाज शून्यावर आण, मग बंद कर!" मामी पुढे कधी चुकल्या नाहीत. मामांचा डोळा लागला की आवाज हळूहळू शून्यावर, मग डबा बंद. मग खांद्यावर हात.

"अहो, चला आता. आत येऊन पडा."

मामा घरी आले. कपाटातला रुमाल काढून पुन्हा डब्यावर घातला.

इकडे त्यांच्या मुलीने हट्ट धरला. "बाबा, एकटे राहू नका. माझ्याकडे या कायमचे." मामांनी बॅग भरली. डबाही घेतला.

तिच्याकडे दुपारी गाणी लावून मामांनी डोळे मिटले. जाग आली तेव्हा...

गाणं चालूच होतं.

ऊन उतरलं, घराघरात दिवे लागले. कुणी बंद करेना. मामा त्या खुर्चीत बसून लहान मुलासारखे रडले.

दुसऱ्या दिवशी डबा काखोटीला मारून परत आपल्या घरी. मुलीने डोकं आपटून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

हे सगळं त्यांनी मला परवा फोनवर सांगितलं. आवाजात आनंद होता. तोच मला खटकला.

"अरे, आता ती डोळा लागायचीही वाट बघत नाही. मी टक्क जागा असतो. समोर बटण फिरतं... हळूहळू..."

"मामा, मी येतो न्यायला."

"कशाला उगाच? मी बरा आहे."

आज दुपारी पुन्हा फोन लावला. मागे गाणं वाजत होतं. मामा बोलत होते आणि गाणं बारीक होत गेलं...

मग काहीच नाही.

मामांचा आवाज फोनपासून जरा लांब गेला आणि ते कुणाला तरी म्हणाले, "हो गं, आलोच."

त्यांच्याकडे निघालोय, बसमध्ये बसून हे लिहितोय. मघापासून फोन लावतोय, ते उचलत नाहीत. देवा, दार तेवढं उघडू दे त्यांना.