मशीन थांबायची तेव्हा

वरच्या खोलीतला भाडेकरू पहिल्यांदा माझ्या शिलाईच्या दुकानात उतरला, तो काखेत एक नळकांडं घेऊन. त्याला पत्र्याचा डबा जोडलेला, डब्यावर चार तारा ताणलेल्या. याला खोळ शिवून द्या म्हणाला.

मी टेप लावली. कुठून मोजायचं तेच कळेना. हे आहे तरी काय, असं विचारलं.

“वाद्य आहे.”

“वाजतं?”

“अजून माझं ऐकत नाही.”

हसू आलं... ते मी तोंडातल्या टाचण्यांमागे दाबलं. पन्नाशी उलटलेल्या विधवेनं भाडेकरूसमोर दात काढू नयेत, एवढं चौथीपर्यंत शिकलेल्या बाईलाही कळतं.

खोळीच्या निमित्तानं तो रोज यायला लागला. आज तोंडाशी सैल, उद्या बुडाशी घट्ट. बासरी, गिटार, ढोल, शिवाय भंगारातून उचललेलं काहीबाही, सगळं तो स्वतःच वाजवायचा, एकावर एक चढवायचा आणि त्याचं गाणं करायचा. त्याला बँड म्हणायचा.

“बँडात माणसं किती?”

“मी एकटाच.”

“म्हणजे भांडायलाही कुणी नाही.”

“नाही ना... म्हणून तर खाली येतो.”

शेजारी कापड बेतता बेतता माझी सून खोकली. तिला मी रिळं रंगवार लावायला आत पाठवलं.

माझं घर भरलेलं. मुलगा, सून, दोन नातवंडं. माझा शब्द सगळे झेलतात, माझ्याशी बोलत मात्र कुणी नाही.

एक दिवस तो म्हणाला, दुसऱ्या गावी काम मिळालंय, शुक्रवारी खोली सोडतो. शेवटचं गाणं तेवढं अडलंय. त्यात तुमच्या मशीनचा आवाज हवा. खडखड चालते, मधेच थांबते, परत चालते... त्या थांबण्यावरच सगळं गाणं उभं आहे.

माझी मशीन मधेच थांबते? मला ते झोंबलं. दुसऱ्याच दिवशी मिस्त्री बोलावून पट्टा बदलला, तेल घातलं. तो माइक घेऊन आला, तेव्हा चादरीची अख्खी कड एका दमात शिवून दाखवली.

त्याचा चेहरा उतरला.

“बाई, थांबणं कुठं गेलं?”

दुरुस्त केलं म्हणून सांगायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. मशीन कधी अडतच नव्हती. वर त्याचं वाजवणं सुरू झालं की ते ऐकायला माझाच पाय थांबायचा. आज तो समोर बसलेला. ऐकणार काय?

हे तोंडानं सांगण्यापेक्षा मी दुकान विकलं असतं. पण न सांगावं, तर त्याचं गाणं राहणार आणि तो तसाच जाणार.

“माइक राहू द्या इथं,” मी म्हणाले. “तुम्ही वर जा आणि वाजवा.”

“मी वाजवल्यानं मशीन कशी—”

“जा म्हटलं ना.”

तो गेला. वर ते डब्याचं वाद्य सुरू झालं. मी पाय चालवला... दहा टाके, पंधरा. मग पाय थांबला. आणि लगेच वरचं वाजणंही थांबलं. मी पाय हलवला, तसं ते परत सुरू झालं. पुन्हा थांबले. पुन्हा तोही थांबला.

म्हणजे तोही वर कान देऊनच बसायचा.

खाली आला तेव्हा मी मान वर केली नाही.

“मला वाटायचं, मशीन जुनी झालीय.”

“मशीन ठणठणीत आहे. जुनी मी आहे.”

त्यानं माइकची वायर गुंडाळली. सोडली, परत गुंडाळली. मग हळूच विचारलं, “चला म्हटलं... तर याल?”

“चादरीच्या तीन कडा राहिल्यात अजून,” मी म्हणाले.

शुक्रवारी तो गेला. खोळ मात्र नेमकी बसली होती.

दोन महिन्यांनी सुनेच्या फोनवर त्याचं गाणं आलं. बासरी, गिटार, ढोल, मग माझी मशीन... आणि एकदम सगळं शांत. अडकलं वाटतं, म्हणत सुनेनं पुढे ढकलायला बोट नेलं.

“हात लावू नकोस,” मी म्हणाले. “आम्ही दोघं तिथंच आहोत.”